न तपासलेलं ‘नॉर्मल’

डॉक्टरांनी रुग्णाला तपासलं की काय आढळलं ते लिहावं लागतं. नाडी, छाती, पोट, पायांवरची सूज, सगळंच. संगणकावर दर रुग्णामागे हे टाइप करत बसायला वेळ कुठला? म्हणून टेम्प्लेट, म्हणजे तयार मजकूर वापरतात. एक क्लिक केलं की ‘ठोके नियमित, छाती साफ, पोट मऊ’ अशी वाक्यं आपोआप उमटतात. डॉक्टरांनी फक्त वेगळं आढळलेलं तेवढं बदलायचं.

अमेरिकेत ही पद्धत फोफावली, त्यामागे पैशाचाही भाग आहे. मेडिकेअर या तिथल्या सरकारी विमा योजनेच्या १९९५ आणि १९९७ च्या नियमांत, किती अवयवांची तपासणी नोंदवली यावरही डॉक्टरांचं बिल ठरे. साहजिकच नोंदी लांबत गेल्या.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरीक्षक आपत्कालीन विभागातल्या ९ निवासी डॉक्टरांसोबत राहिले आणि त्यांनी १८० रुग्णांच्या तपासण्या पाहिल्या. नोंदीत ‘तपासलं’ म्हणून लिहिलेल्या गोष्टींपैकी जेमतेम ५३ टक्के तपासण्या निरीक्षकांना प्रत्यक्ष होताना दिसल्या. अभ्यास लहान आहे आणि यावरून डॉक्टरांना खोटारडं ठरवणं अन्यायाचं होईल. रुग्णांची रीघ लागलेली असताना आधीच भरलेलं वाक्य खोडायचं राहून जातं.

पण धोका खरा आहे. मधुमेहाच्या रुग्णाचे पाय कसे तपासतात ते पाहा. बूट-मोजे काढायचे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, पावलावरची नाडी चाचपायची. मग १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा बारीक धागा तळव्यावर टेकवायचा आणि रुग्णाला डोळे मिटायला सांगून ‘कळतंय का?’ विचारायचं. संवेदना गेलेल्या पायाला खडा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि कधी पाय कापायची वेळ येते. नोंदीत मोजे न काढताच ‘पाय: नॉर्मल’ उमटलं, तर पुढचा डॉक्टर त्यावर विसंबतो. ‘पाहिलं, ठीक आहे’ आणि ‘पाहिलंच नाही’ यांतला फरक पुसला जातो.

माझ्या मते दोष टेम्प्लेटचा नाही, त्यात आधीच भरून ठेवलेल्या उत्तराचा आहे. ‘डाव्या पायाचा अंगठा’ यापुढे ‘कळतं’, ‘कळत नाही’, ‘तपासलं नाही’ असे तीन पर्याय कोरे ठेवले, तर तेच टेम्प्लेट डॉक्टरांना विसरलेल्या तपासणीची आठवण करून देतं. १ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेत बाह्यरुग्ण तपासणीचं बिल अवयव मोजून ठरत नाही, त्यामुळे नोंद फुगवण्याचं एक मोठं कारण गेलं.

आपल्याकडे ओपीडीच्या केस पेपरवर दोन-चार ओळी खरडलेल्या असतात. त्या अपुऱ्या खऱ्या, पण जे लिहिलं नाही ते निदान कोरं तरी दिसतं. आता आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे आपल्या नोंदीही संगणकावर येत आहेत. त्यांचे फॉर्म बनवणाऱ्यांनी ‘नॉर्मल’ आधीच टिक करून ठेवू नये. आणि रुग्णांनीही हातात आलेला कागद वाचावा. मोजे न काढता पाय तपासल्याचं त्यात लिहिलं असेल, तर तिथेच विचारावं, “डॉक्टर, पाय बघायचे राहिले का?”