आधी बार, मग जिम : घरच्या व्यायामाची पार्श्वभूमी

घरच्या घरी व्यायाम ही लॉकडाऊनची देणगी, असं आता सरसकट म्हटलं जातं. सातारा आणि सांगलीपुरतं बोलायचं तर हे अर्धंच खरं आहे. घरातला व्यायाम इथे जुना आहे. नवा आहे तो ठरावीक दिवसांचा, मोबाईलवर बघून करायचा, जोडीला खाण्याचा तक्ता असलेला 'प्रोग्रॅम'. त्याला बळ मिळालं ते साथीमुळे, आणि साथीच्या काळात निघालेल्या काही सरकारी आदेशांमुळेही. त्या आदेशांकडे यायच्या आधी थोडं मागे जावं लागतं.

औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. संस्थान होतं तेव्हा त्याचे तुकडे आटपाडी, कुंडलपर्यंत, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात पसरलेले होते. तिथले राजे तरुणपणी युरोपातल्या एका गाजलेल्या बलदंड कसरतपटूच्या पद्धतीने व्यायाम करायचे. त्याची पुस्तकं, त्याची साधनं मागवलेली होती. पुढे ते सगळं बाजूला पडलं आणि राजांनी सूर्यनमस्कार धरले. संस्थानातल्या शाळांमध्ये ते सक्तीचे झाले. १९३८ मध्ये तर इंग्रज वाचकांसाठी लंडनहून त्यावर पुस्तकही निघालं. साधनं परदेशातून मागवायची आणि काही वर्षांनी ती सोडून सतरंजीवर यायचं, हा प्रवास आज अनेक घरांत होतो. औंधात तो शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला.

तालमींचं सांगायला नको. ताक, तेल, लिंबू आणि हळद मुरवलेली हौदातली लाल माती, पहाटेचे जोर-बैठका, दूध-बदामाचा खुराक, जत्रेतले फड हे या दोन जिल्ह्यांतल्या वाचकाला नव्याने काय सांगणार? इथे लक्षात घ्यायचं ते एवढंच की तालीम पुरुषांची होती, आणि त्यातही तरुण पुरुषांची. चाळिशी उलटलेले मास्तर, बँकेतले कारकून, घरातल्या बायका यांना तिथे जागा नव्हती. बायकांना तर 'दिवसभर राबतेस तोच व्यायाम' असं ऐकवलं जायचं. अजूनही जातं. घरच्या व्यायामाचं गिऱ्हाईक तयार झालं ते याच, तालमीबाहेर राहिलेल्या माणसांमधून.

'प्रोग्रॅम' मात्र बाहेरून आला. १९८२ मध्ये अमेरिकेत एका अभिनेत्रीची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि टीव्हीसमोर घाम गाळायची पद्धत तिकडे रुळली. २००५ मध्ये ९० दिवसांचा डीव्हीडी संच आला. दिवस मोजून शरीर बदलायचं, ही कल्पना तिथून पक्की झाली. मध्ये १९९६ साली जपानी संशोधकांनी २० सेकंद जोर आणि १० सेकंद विश्रांती असा सुमारे चार मिनिटांचा क्रम तपासला होता. तो सराव असलेल्या तरुणांनी, सायकलवर, जीव तोडून करायचा होता. घरच्या प्रेक्षकापर्यंत येता येता 'जीव तोडून' गळून पडलं आणि 'चार मिनिटं' तेवढी उरली. २०१३ मध्ये खुर्ची आणि भिंत एवढ्यावर भागणारा १२ व्यायामांचा सात मिनिटांचा क्रम आला, आणि मोबाईलच्या पडद्यासाठी तो अगदी मापाचा ठरला.

इकडे केबलवर टेलिशॉपिंगवाले पोटाचे पट्टे विकत होते. मग सकाळच्या वाहिन्यांवर प्राणायाम आला आणि घरातली सगळी माणसं एका सतरंजीवर बसून पोट आत-बाहेर करू लागली. सातारकरांनी २०१२ पासून यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन सुरू केली. तिच्या तयारीसाठी आठवड्यांचे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरू लागले, तेव्हा 'प्लॅन' हा प्रकार मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडला. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा कवडीमोल झाला आणि उरलेली अडचणही गेली. म्हणजे मार्च २०२० उजाडला तेव्हा चटई, मोबाईल आणि तक्ता तिन्ही घरात होते. तरीही लोक जिमलाच जात होते. तालुक्याच्या गावांमध्ये, एखाद्या गाळ्यात किंवा पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, कर्ज काढून मांडलेल्या त्या जिम होत्या.

मार्चच्या मध्यावर त्या बंद झाल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस इस्लामपूर तिथल्या कोरोना रुग्णांमुळे राज्यभर बातमीत होतं, त्यामुळे सांगली जिल्ह्यात कुणी तक्रार करण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. वाद सुरू झाला तो उघडण्यावरून.

केंद्राने ५ ऑगस्ट २०२० पासून जिम उघडायला हरकत नाही असं सांगितलं. नियमावलीही दिली : माणशी चार चौरस मीटर जागा, सहा फूट अंतर. आपल्याकडच्या सहाशे चौरस फुटांच्या हॉलमध्ये या हिशेबाने एका वेळी तेराच माणसं बसतात, यंत्रांची जागा न धरता. तरीही चालकांची तयारी होती. राज्याने मात्र परवानगी दिली नाही. दारूची दुकानं मे महिन्यात उघडली होती. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू झाले. जिमना दार उघडता आलं ते २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर. झुंबा, सामूहिक योग, वाफेचं स्नान आणि शॉवर तेव्हाही बंदच.

या वीस दिवसांच्या फरकावर त्या वेळी जेवढं बोललं गेलं तेवढं बाकी कशावर बोललं गेलं नसेल. तोंडाला मास्क न लावता, समोरासमोर बसून, तासन्‌तास प्यायला परवानगी. आणि फुप्फुसं बळकट करायला बंदी. चालकांचा मुद्दा असा होता आणि तो ऐकणाऱ्याला चटकन पटायचा. सरकारची बाजूही पोकळ नव्हती. दक्षिण कोरियातल्या चोनान शहरात त्याच वर्षाच्या सुरुवातीला १२ ठिकाणच्या नृत्य-व्यायामाच्या वर्गांशी जोडलेले ११२ रुग्ण सापडले होते. बंद जागेत, दाटीने, जोरजोरात श्वास घेत व्यायाम केला तर काय होतं याचा तो पुरावा होता. झुंबावरची बंदी जास्त काळ टिकली ती उगाच नव्हे. पण हीच शास्त्रीय कारणं बारला का लागू झाली नाहीत, याचं उत्तर कुठल्याही आदेशात सापडत नाही. महसूल हे उत्तर सगळ्यांना माहीत होतं, लिहिलं कुणी नाही.

पैशाची बाजू तर त्याहून सरळ आहे. कर्जाच्या हप्त्यांना दिलेली स्थगिती ३१ ऑगस्टला संपली. सप्टेंबर आणि जवळजवळ अख्खा ऑक्टोबर, हप्ता चालू आणि जिम बंद. ट्रेडमिलचा हप्ता, गाळ्याचं भाडं आणि मीटरचा स्थिर आकार तिघेही दारात. ज्यांनी तेव्हा यंत्रं विकली त्यांची यंत्रं कुठे गेली? बरीचशी घरांत. डंबेल्स, प्लेटा, वाकलेला बेंच हे सगळं निम्म्या किमतीत शेजारच्या कॉलनीत पोचलं. घरच्या जिमचा पहिला मोठा पुरवठा असा बंद पडलेल्या जिममधून झाला, हे आज कुणी आवर्जून सांगत नाही. ज्यांना तेही मिळालं नाही त्यांनी तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून मधे पाईप रोवला. इथल्या लोखंडी वस्तू कुणालाही वेल्डिंगच्या दुकानात करून मिळतात, त्यामुळे पुल-अपचे बार तर गावोगाव ग्रिलवाल्यांनीच बनवून दिले.

मग एप्रिल २०२१. दुसरी लाट आणि पुन्हा कुलूप. या वेळी साताऱ्यात एकेका दिवसाला दोन हजारांवर नवे रुग्ण सापडत होते, बंदीला विरोध करायला तोंड नव्हतं. जूनमध्ये निर्बंधांसाठी जिल्ह्यांचे पाच स्तर ठरले, आकडा वाढेल तसे निर्बंध कडक. बाधितांचं प्रमाण आणि ऑक्सिजनच्या खाटा यांच्या दर गुरुवारच्या आकड्यांवरून स्तर बदलणार. चार वाजेपर्यंत, निम्म्या क्षमतेने, आधी वेळ ठरवून, एसी न लावता, अशा अटींच्या आड जिम उघडायच्या आणि पुढच्या गुरुवारी काय होतंय ते बघायचं. चार वाजता बंद होणारी जिम नोकरदाराच्या काय कामाची? तो घरीच राहिला.

जुलैच्या अखेरीस कृष्णेला पूर आला. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हाचा गाळ धुऊन ज्या जिमचालकांनी ट्रेडमिलच्या मोटारी नव्याने भरून घेतल्या होत्या, त्यांच्या तळमजल्यात दोन वर्षांत दुसऱ्यांदा पाणी शिरलं. पाणी उतरत असतानाच २ ऑगस्टचा आदेश आला. राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांना सवलती मिळाल्या, ११ जिल्हे तिसऱ्या स्तरातच राहिले. सांगली आणि सातारा दोन्ही त्या अकरात. १५ ऑगस्टपासून सवलती इथेही लागू झाल्या, म्हणजे प्रश्न जेमतेम दोन आठवड्यांचा होता. पण पूर आणि बंदी एकाच खिडकीतून आत आल्यावर हिशेब आठवड्यांत होत नाही.

शेवटचा अंक जानेवारी २०२२ चा. ८ तारखेच्या आदेशात जिम पूर्ण बंद. ९ तारखेला दुरुस्ती : निम्म्या क्षमतेने चालू, दोन्ही डोस घेतलेल्यांनाच प्रवेश, व्यायाम करतानाही मास्क. एका रात्रीत निर्णय फिरतो यावरून माणसाने काय समजायचं ते समजलं. जिमची वर्षाची फी एकरकमी भरायची सवय त्यानंतर बऱ्याच जणांची मोडली. महिन्याची फी, किंवा सरळ ऑनलाईन बॅच. सातारच्या प्रशिक्षकाच्या सकाळच्या बॅचला पुण्यातल्या सातारकर सुना, कराडच्या शिक्षिका आणि दुबईतला कुणाचा तरी मेव्हणा एकत्र, हे दृश्य तेव्हापासूनचं.

खाण्याचा भाग यापेक्षा संथ बदलला. माण, खटाव, जत, आटपाडी हा शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, मालदांडीचा मुलूख. ज्वारीची भाकरी इथे आरोग्याचा विषय कधी नव्हता, ते रोजचं जेवण होतं. बहात्तरच्या दुष्काळात ती तुटली. परदेशातून लाल मिलो ज्वारी आली, दुष्काळी कामावर सुकडीचा खाऊ आला, हळूहळू रेशनचा गहू-तांदूळ ताटात स्थिरावला. पुढे अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला, तेव्हा भाकरी थापण्याचा आग्रह धरायला काही कारणच उरलं नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, त्याच सुमारास चांगला शाळू गव्हाहून महाग झाला होता. आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात ज्वारी परत आली ती श्रीमंतांचं धान्य होऊन.

तक्त्यांवरची मराठी घराघरातली खरी भांडणं २०१८ च्या आसपासची आहेत. दिवसातून दोनदाच, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं, मध्ये काही नाही, अशी पद्धत व्याख्यानांमधून आणि व्हॉट्सॲपमधून राज्यभर पसरली. त्याआधी लोकप्रिय होता दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याचा सल्ला. दोन्ही बाजूंचे अनुयायी एकाच लग्नाच्या पंगतीत भेटले की वाढप्याची पंचाईत. यात कोण बरोबर हे इथे ठरवायचं नाही. पण दोन वेळेच्या पद्धतीचं यश समजायला सोपं आहे : तिला काही विकत घ्यावं लागत नव्हतं, वेगळा स्वयंपाक लागत नव्हता आणि चार वाजताचा चहा-भडंग आपोआप सुटत होता. सांगलीत भडंग सुटणं ही लहान गोष्ट नाही.

साथीत या सगळ्यावर 'इम्युनिटी' बसली. मार्च २०२० च्या अखेरच्या सरकारी सल्ल्यात १५० मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद होती. सांगलीत, हळदीच्या पेठेच्या गावात, हा सल्ला ऐकून लोक हसले आणि दुप्पट हळद घालून प्यायले. त्याच महिन्यांत त्याच घरांमध्ये कुकरमध्ये बिस्किटांचे केक होत होते. दोन्ही खरं आहे.

नंतरचं मार्गदर्शन मात्र घरच्या व्यायामाला सोयीचं निघालं. २०२० च्या नोव्हेंबरमधल्या जागतिक शिफारशींनी प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला, आणि सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत ही जुनी अट काढून टाकली. जिने, अंगण, भाजी आणायला चालत जाणं हे सगळं मोजणीत आलं. राबणाऱ्या बाईला जे हिणवून सांगितलं जायचं त्यातलं काही प्रमाणात खरं ठरलं म्हणायचं. फक्त स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन दिवस वेगळे करा, हेही त्याच शिफारशींमध्ये आहे आणि ते कुणी तिला सांगत नाही. मे २०२४ मध्ये देशाची आहार-मार्गदर्शिका नव्याने आली. तीत १७ सूचना आहेत. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपर्यंत ठेवा असं ती म्हणते, आणि प्रोटीन पावडरीच्या नादी लागू नका असंही. गल्लीतल्या जिममध्ये काउंटरमागे पावडरीचे डबे रचलेले असतात, कारण फीपेक्षा त्यांच्यावर जास्त सुटतं. त्यामुळे ही सूचना तिथल्या भिंतीवर लागण्याची शक्यता कमी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मोठ्या शहरांतल्या साखळी जिमनी त्याच्या जाहिराती केल्या. विटा, कोरेगाव, फलटण, तासगावच्या बहुतेक चालकांची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आतच राहते, म्हणजे नोंदणीच नाही. त्यांना आधीही हा कर लागत नव्हता, आताही लागत नाही.