कांद्याच्या चालीने चालणारं खनिज

अंबडच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्त करणाऱ्या एका गाळ्यात परवा चाकातली मोटर उघडलेली पाहिली. कड्याच्या आतून बोटाच्या पेराएवढ्या चकचकीत पट्ट्या ओळीने चिकटवलेल्या. पान्हा जवळ नेला तर तो हातातून ओढलाच गेला. या चुंबकांत नियोडिमियम असतं. हल्ली चहाच्या टपरीवर ‘रेअर अर्थचा कुठला शेअर घेऊ?’ असं विचारलं जातं, ते याच्यामुळेच.

रेअर अर्थ म्हणजे १७ मूलद्रव्यं, नियोडिमियम त्यांतलंच एक. नावात दुर्मिळ असली तरी जमिनीत ती तेवढी दुर्मिळ नाहीत. घाम निघतो तो त्यांना एकमेकांपासून वेगळं करताना. गुणधर्म इतके सारखे, की आम्लं आणि द्रावकांच्या टाक्यांमागून टाक्यांतून माल फिरवावा लागतो आणि मागे बऱ्याचदा किरणोत्सारी गाळ उरतो. कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण १९५० च्या दशकात सुरू झाली. रंगीत टीव्हीच्या लाल रंगाला लागणारं युरोपियम तिथूनच जायचं. पुढे चीनच्या बायन ओबो खाणीचा स्वस्त माल बाजारात आला आणि २००२ मध्ये ती बंद पडली.

सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोटीवरून चीन आणि जपानचा वाद झाला, चीनकडून जपानला जाणारा रेअर अर्थचा पुरवठा अडला आणि भाव भडकले. माउंटन पासची मालक मॉलिकॉर्प त्याच वर्षी शेअर बाजारात आली होती. तेजीच्या भरात तिने २०१२ मध्ये निओ मटेरियल ही कंपनी सुमारे १.३ अब्ज डॉलरला घेतली. तोवर भाव उतरणीला लागले होते. जून २०१५ मध्ये दिवाळं. लासलगावच्या बाजारात आयुष्य काढलेल्याला यात नवल वाटू नये: एका वर्षी भाव मिळाला की पुढच्या वर्षी सगळे कांदाच लावतात.

चीनने धडा वेगळा घेतला. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारी कंपन्यांचे व्यवसाय एकत्र करून चायना रेअर अर्थ ग्रुप उभा केला. चीनबाहेर मोठे दोनच उरले, ऑस्ट्रेलियाची लायनस आणि माउंटन पास नव्याने चालवणारी एमपी मटेरियल्स. त्यांच्या विलीनीकरणाची बोलणी २०२४ च्या सुरुवातीला फिसकटली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला. जुलैत अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एमपीत ४० कोटी डॉलर घालायचं ठरवलं, वर चुंबकांना लागणाऱ्या नियोडिमियम-प्रासिओडिमियमला किलोमागे ११० डॉलरचा किमान भाव, दहा वर्षांसाठी. आमचे शेतकरी याला हमीभाव म्हणतात आणि तो मागताना त्यांचं आयुष्य जातं. अमेरिकेत तो खाणवाल्याला मिळाला.

आणि टपरीवरचा प्रश्न? केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थ असलेलं खनिज आहे. त्यात किरणोत्सारी थोरियम असल्याने खाजगी कंपन्यांना त्यात वाव नाही. ते काम १९५० पासून आयआरईएल करते, जी सरकारी आहे आणि बाजारात नोंदलेलीच नाही. म्हणजे ‘रेअर अर्थ’चा म्हणून जो शेअर सुचवला जातो, तो बहुतेक वेळा दुसराच धंदा असलेल्या कंपनीचा निघतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, लक्ष्य वर्षाला ६,००० टन.

गाळेवाला मात्र आतापासूनच सावध आहे. जळालेल्या मोटरी पूर्वी तो सरळ भंगारात द्यायचा. आता फळीवर तीन रचून ठेवल्यात, चुंबकांसकट.