लिनक्सवरील डेस्कटॉप पार्श्वचित्राची साधने

पडद्यावरच्या सगळ्या खिडक्यांच्या मागे दिसणारे चित्र म्हणजे पार्श्वचित्र. बोलताना सगळे वॉलपेपरच म्हणतात. विंडोज किंवा मॅकवर ते बदलायला वेगळा प्रोग्राम लागत नाही. लिनक्सवर मात्र साधन निवडावे लागते, आणि ते ठरते एकाच गोष्टीवरून: तुमच्या संगणकावर मागची भिंत रंगवतो कोण?

नोम, केडीई प्लाझ्मा किंवा एक्सएफसीई यांसारखा पूर्ण डेस्कटॉप असेल तर ते काम डेस्कटॉप स्वतःच करतो, तेव्हा त्याच्याच सेटिंगमधून चित्र बदलावे. इथे बाहेरचे साधन चालवले की नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. कमांड बिनतक्रार चालते, चूक झाल्याचा संदेश येत नाही आणि पडद्यावर काहीच हलत नाही. भिंत रंगलेली असते, पण तिच्यापुढे डेस्कटॉपच्या स्वतःच्या चित्राचे कपाट उभे असते. नोमच्या ४२व्या आवृत्तीपासून (२०२२) आणखी एक भानगड झाली. गडद रूपासाठी पार्श्वचित्राची नोंद वेगळी ठेवली जाऊ लागली. जुन्या स्क्रिप्ट (कमांड लिहून ठेवलेल्या फाइली) उजळ रूपाचीच नोंद बदलतात, त्यामुळे गडद रूप वापरणाऱ्याला जुनेच चित्र दिसत राहते.

ओपनबॉक्स, आयथ्री यांसारखे नुसते विंडो मॅनेजर, म्हणजे फक्त खिडक्या मांडणारे प्रोग्राम, चित्राच्या फंदात पडत नाहीत. तिथे एक्स विंडो प्रणालीच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सवरची जुनी व्यवस्था, थोडक्यात एक्स) तळाशी असलेल्या ‘रूट विंडो’वर चित्र लावणारे साधन लागते. एक्ससेटरूट हे त्यातले जुने. ते सपाट रंग किंवा दोन रंगांची नक्षी भरते, फोटो लावत नाही. फेह हा खरे तर चित्रे पाहण्याचा प्रोग्राम, पण अनेक जण तो वॉलपेपरपुरताच ठेवतात. चित्र लावले की तो होम फोल्डरमध्ये एक लहानशी स्क्रिप्ट लिहून ठेवतो. ती स्टार्टअप फाइलमधून चालवली की पुढच्या लॉगिनला चित्र हजर. कमांडचा कंटाळा असेल त्याने नायट्रोजन घ्यावे. त्यात लघुचित्रे पाहून निवड करता येते, मात्र लॉगिननंतर चित्र परत आणण्याची कमांड इथेही स्टार्टअपमध्ये घालावीच लागते. ती विसरणारे पुष्कळ.

चांगले साधन लावलेल्या चित्राचा क्रमांक रूट विंडोवर नोंदवून ठेवते. काही जुने टर्मिनल (कमांड लिहिण्याच्या खिडक्या) ती नोंद वाचून चित्राचा तेवढाच तुकडा अक्षरांमागे रंगवतात आणि पारदर्शक असल्याचा आभास करतात. नोंद नसेल तर हा आभास साधत नाही.

चित्र पडद्यावर कसे बसवायचे, हे सांगण्याची सोय असायलाच हवी. ४:३ मापाचा फोटो १६:९ पडद्यावर ‘भरून’ लावला की उंचीचा पाव भाग कापला जातो. घरच्या समारंभाचा फोटो असेल तर मागच्या रांगेतल्या उंच काकांचे डोके सर्वांत आधी जाते. ‘ताणून’ लावला तर सगळेच आडवे सुटतात. फेहमध्ये पूर्ण फोटो राखून कडेला पट्ट्या सोडण्याचा पर्यायही आहे. घरच्या फोटोंना तोच बरा.

एक्सच्या जागी आलेल्या वेलँड या नव्या व्यवस्थेत रूट विंडो नाही, त्यामुळे फेह आणि नायट्रोजन दोन्ही तिथे निरुपयोगी. आयथ्रीच्या धर्तीवर वेलँडसाठी बनलेल्या स्वेमध्ये हे काम स्वेबीजी हा प्रोग्राम करतो, आणि त्याची कामाची पद्धत उलटी आहे. एक्सवर फेह चित्र लावून निघून जातो, चित्र डिस्प्ले सर्व्हरकडे, म्हणजे पडदा सांभाळणाऱ्या एक्सच्या मुख्य प्रोग्रामकडे राहते. स्वेबीजी सर्वांत खालच्या थरावर आपली खिडकी धरून शेवटपर्यंत चालू राहतो. तो बंद केला की चित्रही गेले.