दोन सेटमधली तीन मिनिटं

ओळखीच्या एका ट्रेनरचा परवा रात्री फोन आला. आवाजावरूनच कळलं, गडी घाबरलाय. त्याच्या एका क्लायंटच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.४ आलं होतं आणि आकड्यापुढे ठळक अक्षरांत 'हाय' छापलेलं. घरच्यांनी क्रिएटिनचा डबा तडक कचऱ्यात टाकला आणि 'पावडरीने किडनी घालवली' म्हणून मुलाचा व्यायामही बंद केला.

मी विचारलं, रक्त देण्याच्या आदल्या दिवशी त्याने काय केलं होतं? उत्तर आलं: पायांचा दणकून व्यायाम, आणि रोजच्यासारखा पाच ग्रॅमचा स्कूप.

नावं इतकी सारखी आहेत की घोटाळा होणारच. क्रिएटिन हे स्नायूंच्या कामाचं द्रव्य. आपलं यकृत आणि मूत्रपिंडं मिळून ते रोज साधारण एक ग्रॅम बनवतात. मांस-मासे खाणाऱ्यांना थोडं अन्नातूनही मिळतं. सत्तर किलोच्या माणसात त्याचा साठा १२० ग्रॅमच्या आसपास असतो, बहुतेक सगळा स्नायूंमध्ये. त्यातलं दीड-दोन टक्के रोज आपोआप, कुठल्याही विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीशिवाय, क्रिएटिनिन होऊन लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणजे क्रिएटिनिन ही राख आहे. चुलीत लाकूड जास्त असेल तर राखही जास्त पडणार. भरदार स्नायूंच्या, क्रिएटिन घेणाऱ्या माणसाचा आकडा मूत्रपिंडाची गाळणी धड असूनही वर दिसू शकतो. शंका असेल तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी असते; ती स्नायूंच्या आकारावर फारशी अवलंबून नसते. डॉक्टरांना पावडरीबद्दल आधी सांगावं, एवढं साधं काम बहुतेक जण करत नाहीत. ज्यांना किडनीचा आजार आधीपासून आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये.

पण हे क्रिएटिन आत नेमकं करतं काय? माझ्या मते शरीरातली सगळ्यात देखणी रासायनिक देवाणघेवाण हीच.

खांद्यावर बार घेऊन कुणी स्क्वॅटला खाली बसतो आणि उठू लागतो, तेव्हा मांडीच्या स्नायूतले मायोसिन या प्रथिनाचे अगणित आकडे (हूक) शेजारच्या अ‍ॅक्टिनच्या दोरीला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. यातली 'सोडण्या'ची पायरी एटीपीशिवाय होत नाही. मृत्यूनंतर शरीर ताठ होतं ते याचमुळे: एटीपी संपतं आणि आकडे दोरीला धरूनच राहतात. शाळेच्या पुस्तकात एटीपीला पेशीचं ऊर्जाचलन म्हणतात, पण हे चलन पेशी फार थोडं जवळ बाळगते. पूर्ण जोर लावला तर दोन-तीन सेकंदांत खिसा रिकामा व्हावा. तरीही आपण आठ-दहा रेप्सचा (आवर्तनांचा) अख्खा सेट काढतो, कारण शेजारी क्रिएटिन फॉस्फेटचा तीन-चार पट साठा तयार असतो.

एटीपी एक फॉस्फेट खर्चून एडीपी झालं, की क्रिएटिन कायनेज हे विकर क्रिएटिन फॉस्फेटचा फॉस्फेट उचलून एडीपीला जोडतं आणि एटीपी पुन्हा उभं राहतं. या व्यवहारात एक हायड्रोजन आयनही वापरला जातो, त्यामुळे सुरुवातीचे काही सेकंद स्नायूत आम्ल साचणं लांबतं. हेच विकर एटीपी बनवणाऱ्या तंतुकणिकेच्या (मायटोकाँड्रियाच्या) अंगाला लागूनही असतं आणि तिथे उलटा व्यवहार करतं: ताज्या एटीपीचा फॉस्फेट क्रिएटिनवर चढवतं. क्रिएटिन फॉस्फेट तो आकड्यांपर्यंत पोचवतं, मोकळं क्रिएटिन परत फिरतं. एकच विकर, दोन टोकांना दोन दिशांचं काम! थकून बार रॅकवर ठेवाल तेव्हा स्नायूतलं एटीपी सरासरीने निम्म्याच्या वरच असतं. तळाला गेलेलं असतं ते क्रिएटिन फॉस्फेट.

क्रिएटिन फॉस्फेट हे संयुग १९२७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधलं: फिलिप आणि ग्रेस एगलटन या दांपत्याने, आणि सायरस फिस्क व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. तोवर स्नायूंचं आकुंचन लॅक्टिक आम्लामुळेच होतं असा पक्का समज होता.

आता घड्याळाकडे बघू. रिकामा झालेला हा साठा अर्धा भरायला साधारण तीस सेकंद लागतात. तीस सेकंदांत निम्मा, साठात पाऊण, दीड मिनिटात सुमारे ८८ टक्के, तीन मिनिटांत जवळजवळ पूर्ण. सेट फेल्युअरपर्यंत, म्हणजे पुढची रेप निघेनाशी होईपर्यंत, ओढला असेल आणि स्नायू आम्लाने भरला असेल तर वेग आणखी मंदावतो. ही भरपाई ऑक्सिजनवर चालते. व्यायामानंतर पायाला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवला, तर साठा भरतच नाही. १९७० च्या दशकात स्नायूचे बारीक तुकडे काढून हे तपासलं गेलं. तेव्हा दोन सेटमध्ये बाकावर बसून धापा टाकणारा माणूस आळस करत नसतो. त्याची मांडी त्या वेळी पुढच्या सेटचा दारूगोळा भरत असते. जड वजनाच्या सेटनंतर चाळीस सेकंदांत 'चला, उठा' म्हणणारे ट्रेनर बघितले की मला वाईट वाटतं. घाम जास्त म्हणजे चरबी जास्त वितळली, ही समजूत त्यामागे असते. घाम फक्त अंग थंड करतो. ताकद वाढवायची असेल तर स्क्वॅट, बेंच प्रेससारख्या मोठ्या व्यायामांत दोन ते तीन मिनिटं द्या.

पावडर काय करते? स्नायूतला साठा सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास वाढवते. म्हणजे सेटमागे एखाद-दुसरी रेप जास्त, आणि महिनोन्‌महिने त्या रेप्सची बेरीज. ज्यांचा साठा आधीच भरलेला त्यांना फरक कमी दिसतो. शाकाहारी लोकांचा साठा मुळात कमी, म्हणून त्यांना बहुधा जास्त. दिवसाला २० ग्रॅम सहा दिवस घेतल्याने जी पातळी गाठली जाते, तीच ३ ग्रॅमने चारेक आठवड्यांत गाठली जाते, त्यामुळे घाई नसेल तर मोठे डोस घेऊन पोट बिघडवण्यात अर्थ नाही. पहिल्या आठवड्यात किलोभर वजन वाढतं ते पाणी. हे स्टिरॉइडही नाही, हार्मोनही नाही. दुकानात त्याचे डझनभर 'प्रगत' प्रकार चौपट किमतीला मिळतात, पण साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटपेक्षा, म्हणजे नेहमीच्या पावडरीपेक्षा, ते सरस असल्याचं कुणी नीट दाखवलेलं नाही.

त्या ट्रेनरला मी म्हटलं, चार दिवस व्यायाम थांबव, पावडर बंद ठेव, डॉक्टरांना सगळं सांगून सिस्टॅटिन सीसह पुन्हा तपासणी करा. आठवड्याने निरोप आला: सिस्टॅटिन सी अगदी सामान्य. डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली. मुलगा सोमवारपासून येतोय, आणि ट्रेनरने या खेपेला वहीत वजन आणि रेप्सच्या शेजारी विश्रांतीच्या सेकंदांचाही रकाना आखलाय.