मोमो मोदकाकडचा, डम्पलिंग नेवरीकडचं

मालवणात आलेले पर्यटक दोन दिवस मासे खातात आणि तिसऱ्या दिवशी त्यांची मुलं चायनीज मागतात. आमचं आठ टेबलांचं हॉटेल या तिसऱ्या दिवसावर चालतं. आत माझा दीर आणि एक नेपाळी कुक, गल्ल्यावर मी. मेनूकार्डावर एकाखाली एक अशा दोन ओळी आहेत. चिकन मोमो, ८ नग, १२० रुपये. चिकन डम्पलिंग, ६ नग, १८० रुपये. गल्ल्यावर बसल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न या दोन ओळींवरचाच. "अहो, वस्तू एकच ना? मग दोन नग कमी देऊन साठ रुपये जास्त कशाचे घेता?"

विचारणाऱ्याचं चुकत नाही. डम्पलिंग हा इंग्रजी शब्दच ऐसपैस आहे. पिठाच्या पारीत सारण भरून शिजवलं की झालं डम्पलिंग. त्या हिशेबाने मोमो डम्पलिंगच, आणि उकडीचा मोदकसुद्धा. बांगडा मासाच, पण मासळी आणायला सांगितली की दरवेळी बांगडाच येतो असं नाही, तसंच हे. चायनीज हॉटेलात डम्पलिंग म्हणून बहुतेक वेळा जे मिळतं ते जियाओझी, उत्तर चीनमधलं. तिकडे चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री घरातली सगळी माणसं मिळून ते वळतात. आकार जुन्या चिनी सोन्याचांदीच्या लगडीसारखा, म्हणून ते भरभराटीचं खाणं. मोमो तिबेटचा. तिथून तो नेपाळात रुजला आणि १९५९ नंतर आलेल्या तिबेटी निर्वासितांबरोबर भारतात फिरला. मी स्वतः पहिला मोमो खाल्ला तो एका नेपाळी माणसाच्या गाडीवर. आंब्याच्या बागांत राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी माणसं आपल्या किनाऱ्यावर कधीची आहेत, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नव्हतं.

आमच्या सासूबाईंनी दोन्ही बशा पहिल्यांदा समोर आल्या तेव्हा एका वाक्यात निकाल दिला होता. "हो मोदक, नि ही नेवरी." नेवरी म्हणजे आमच्याकडची करंजी. मोमोला वरून कळ्या पाडून तोंड मिटवतात, जियाओझीची पारी अर्धी दुमडून कड दाबत नेतात, जवळजवळ मुरड घातल्यासारखी. खूण सोपी आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. नेपाळी घरांत अर्धचंद्राचे मोमोही होतात. आमचा कुक घाई असली की तसेच वळतो, आणि मग टेबल नंबर चारवरून आवाज येतो, "आम्ही मोमो सांगितले होते!"

खरा फरक पिठात कालवलेल्या पाण्यात असतो. मोमोचा मैदा साध्या पाण्यात मळतात. मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, त्यामुळे घट्ट जाळं धरतं, पारी ताणली तरी फाटत नाही, आणि चावताना दाताला किंचित चिवट लागते. तव्यावर भाजायच्या जियाओझीचं पीठ आम्ही उकळत्या पाण्यात कालवतो. कढत पाण्याने पिठातला स्टार्च तिथल्या तिथे पाणी पिऊन फुगतो आणि ग्लुटेनची ताकद मोडते. पीठ ताणत नाही, पण मऊ राहतं आणि जास्त पाणी धरून ठेवतं. दीर हे मला समजावून सांगत होता तेव्हा सासूबाई मागून म्हणाल्या, "उकड काढल्याशिवाय पारी मऊ रवता काय?" तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतंच, म्हणून मोदकाला उकड काढण्यावाचून इलाजच नाही. मैद्याच्या बाबतीत मात्र ती निवड असते.

हा फरक जिभेवर ओळखायचा असेल तर दहा मिनिटं थांबा. मोमो निवला की पारी आवळते, वातड होते. उकडीच्या पिठाचं डम्पलिंग थंड झालं तरी बऱ्यापैकी मऊ राहतं. म्हणून पार्सल न्यायचं असेल तर मी डम्पलिंग सांगते, मोमो इथेच बसून खा. यावर "तुम्ही महागाचं खपवता" असंही ऐकून घेतलंय.

चिनी घरांत सगळेच जियाओझी उकडीचे नसतात, हेही सांगायला हवं. पाण्यात सोडून उकळायचे असतील तर पीठ थंड पाण्यातच मळायचं, कारण उकळत्या पाण्यात टिकाव धरायला तो चिवटपणा लागतो. हे आम्ही नुकसान करून शिकलो. एका शनिवारी हॉटेल भरलेलं असताना कोणीतरी पाण्यातले डम्पलिंग मागितले, आणि दिराने तव्यासाठी वळलेलेच टोपात सोडले. पाच मिनिटांत टोपात चिकनचं सूप तयार झालं आणि त्यात पाऱ्यांच्या चिंध्या. तो गिऱ्हाईक भला होता, सूप म्हणून प्यायला. पैसे अर्थात घेतले नाहीत.

तव्यावरच्या डम्पलिंगबद्दल मात्र तक्रार ठरलेली. "वयनी, ह्यां खालून करपलां." सुरुवातीला मी बशी मुकाट्याने आत न्यायचे, आता उलटवून दाखवते. हे आधी थोड्या तेलात तळाशी भाजतात, मग तव्यात अर्धी वाटी पाणी ओतून वर झाकण. पाण्याची वाफ वरचा भाग शिजवते, आणि पाणी आटलं की तळ परत कुरकुरीत होतो. एकाच नगात खाली भाकरीच्या पापुद्र्यासारखं खमंग आणि वर मोदकासारखं लुसलुशीत. चिनी भाषेत याला ग्वोथिये म्हणतात, म्हणजे भांड्याला चिकटलेलं. तेव्हा तळाला सोनेरी-तपकिरी रंग हवाच. काळा असेल आणि कडू लागत असेल तर करपलंय, बेलाशक परत पाठवा. साठ रुपयांचं उत्तरही इथेच आहे. मोमो वाफेवर शिजतात, मोमोपात्राच्या तीन मजल्यांत चाळीस नग एकदम बसतात आणि कुक तोवर नूडल्स परततो. तव्यावर एकावेळी बाराच मावतात आणि माणूस तिथून हलू शकत नाही.

सारणात फार अडकू नका. दोन्हीकडे कोबी, आलं, कांद्याची पात. चीनमध्ये बहुधा डुकराचं मांस, काठमांडूत म्हशीचं, आमच्याकडे दोन्हींत चिकनच.

एक तिसरा प्रकार मात्र दोघांमध्ये घुसतो आणि गोंधळ वाढवतो. आम्ही कोळंबी चांगली मिळाली तरच करतो तो हार गाउ, दक्षिण चीनमधला, कँटनकडचा. पारी काचेसारखी, आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसते. पुण्याच्या एका बाईंनी तो "कच्चा आहे" म्हणून परत केला होता. त्याची पारी मैद्याची नसते, गव्हातून ग्लुटेन धुऊन काढल्यावर जो स्टार्च उरतो त्याची असते. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. चीक शिजला की कसा पारदर्शक होतो ते त्यांनी पाहिलेलं असतं. त्या पिठातही उकळतं पाणीच ओततात. आमच्या घरात हार गाउच्या कळ्या सासूबाईंइतक्या बारीक कोणाला जमत नाहीत, आणि त्यांना त्याचं नाव अजून नीट घेता येत नाही.

आता बुडवायचं कशात. मला विचाराल तर गिऱ्हाइकाने निवड यावरूनच करावी. मोमोबरोबर लाल चटणी, टोमॅटो-मिरची-लसणाची. तिच्या तिखटापुढे सारणाची चव दुय्यम होते, आणि तिचं कामच ते आहे. मेयोनेज मागणारेही असतात, देते, पण मनापासून नाही. जियाओझीबरोबर सोया सॉस, आल्याचे बारीक काप आणि काळं व्हिनेगर, जे चिकट तांदूळ आंबवून करतात. दिराने एकदा व्हिनेगरऐवजी कोकमाचं आगळ घालून पाहिलं. रंग झकास आला, चव सोलकढीची. तुम्हाला लाल चटणीच हवी असेल तर डम्पलिंगवर पैसे घालवू नका, १२० चा मोमो घ्या आणि वर एक चटणी जास्त मागा. हे मी गल्ल्यावर बसून सांगते म्हणून दीर चिडतो.

त्या चटणीत आमचा कुक गावाहून आणलेला टिमूर घालतो. दोन दाणे चघळले की जीभ झिणझिणते. चीनच्या सिचुआन प्रांतातली प्रसिद्ध मिरी टिमुराची भावकीच, एकाच कुळातली. आपल्याकडच्या गाड्यांवर मिळणाऱ्या शेजवान चटणीचं नाव त्याच प्रांतावरून पडलं, पण तिच्यात ती मिरी औषधालाही नसते. नुसती सुकी मिरची आणि लसूण. गेल्या पावसाळ्यात कुकचा टिमूर संपला आणि तो हिरमुसून बसला. दिराने मागच्या दारी वाळत घातलेल्यातली मूठभर फळं उचलली, काळ्या बिया काढून टाकल्या, सालं भाजून कुटली आणि चटणीत टाकली. कुकने चाखली, काही न बोलता मान हलवली आणि कढई परत गॅसवर चढवली.

त्या संध्याकाळी पुण्याच्या टेबलावरून दोनदा विचारणा झाली, तोंडाला हे काय मुंग्या आल्यासारखं होतंय, बिघडलंय का काही? मी उत्तर द्यायच्या आत शेजारच्या टेबलावर मोमो खात बसलेले आमच्या वाडीतले आजोबा चटणीचं बोट चाटून म्हणाले, "गो, ह्येच्यात तिरफळां घातलंस मा? बांगड्याक घालतंव ती."