मुका मार मेंदूत किती काळ राहतो?

सांगलीच्या तालमींत फुटलेला कान पैलवानाचा दागिना मानला जातो. मातीत डोके आपटल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे आलेली अंधारी मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण रक्त येत नाही आणि सीटी स्कॅनमध्येही बहुधा काही दिसत नाही. मुष्टियोद्ध्यांमध्ये अशा वारंवार बसलेल्या मारातून होणारा विकार अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच नोंदवला होता. परंतु कोणाला किती मार आणि किती दिवसांच्या अंतराने बसले, हे माणसाच्या बाबतीत मागाहून मोजता येत नाही. उंदराचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे असल्यामुळे त्याच्यात म्हातारपणापर्यंतचा परिणाम पाहता येतो.

अशा प्रयोगात उंदराला भूल देऊन, कवटी फुटणार नाही इतका हलका टोला डोक्यावर दिला जातो. दुसऱ्या गटाला तितकीच भूल देतात, पण टोला देत नाहीत. भुलीचा स्वतःचाही मेंदूवर परिणाम होत असल्यामुळे या गटावाचून प्रयोगाला अर्थ उरत नाही. पुढे काही महिन्यांनी उंदरांची स्मरणशक्ती तपासतात, उदाहरणार्थ पाण्याखाली दडवलेला चौथरा त्यांना भोवतालच्या खुणांवरून आठवतो का, हे पाहून.

एका प्रयोगात ४८ तासांच्या अंतराने पाच टोले बसलेले उंदीर दीड वर्षानंतरही स्मरणशक्तीच्या कसोटीत मागे पडले. त्यांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा पट्टा पातळ झाला होता आणि तेथील दाह शमलेला नव्हता. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो अंतराचा प्रश्न. टोल्यांची संख्या तीच ठेवून ते रोज किंवा आठवड्याला दिले, तेव्हा स्मरणशक्ती दीर्घकाळ खालावलेली राहिली. महिन्याच्या अंतराने दिले, तेव्हा तसे आढळले नाही. जत्रांच्या हंगामात गावोगावच्या फडांत लागोपाठ उतरणाऱ्या पोरांचा विचार यामुळे मनात येतोच, जरी उंदराचा महिना म्हणजे माणसाचे अमुक दिवस, असे सरळ गणित मांडता येत नसले तरी.

शिवाय उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहून कमी वजनाचा आणि गुळगुळीत असतो. माणसात वारंवार मार बसून होणाऱ्या या विकाराची खूण असलेले टाऊ प्रथिन मेंदूच्या वळ्यांमधील खाचांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साठते. मानवी टाऊचे जनुक घातलेले उंदीर प्रयोगांसाठी तयार केले जातात, पण त्यांच्या मेंदूतही त्या खाचा नसतात.