केसांत नोंदलेले शेवटचे वर्ष

दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात एके काळी राज्य करणाऱ्या इंका लोकांनी शिखरांवर बांधलेल्या मंचांविषयी परग्रहवासीयांपासून गूढ ऊर्जेपर्यंत नाना दावे केले जातात. त्यांतील एकालाही आधार नाही, आणि प्रत्यक्ष पुराव्यातून जे उलगडते ते या दाव्यांपेक्षा कितीतरी विलक्षण आहे.

अर्जेंटिना-चिली सीमेवरील युयाइयाको हा ज्वालामुखी ६,७३९ मीटर उंच असून, त्याच्या माथ्याजवळ इंकांनी दगड रचून मंच बांधला होता. शिखरांना देवता मानणाऱ्या इंका राज्यात ‘कापाकोचा’ या विधीत मुलांचा बळी दिला जाई. १९९९ मध्ये योहान राइनहार्ड आणि कॉन्स्तान्सा सेरुती यांच्या पथकाला या मंचात तीन मुलांचे गोठलेले देह सापडले. सोबत सोन्याचांदीच्या आणि शिंपल्याच्या लहान मूर्ती होत्या. तीन मुलांपैकी सर्वांत मोठी मुलगी सुमारे तेरा वर्षांची होती. कडाक्याच्या थंडीमुळे तिचे लांब केसही शाबूत राहिले होते.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्या काळातील आहाराची रासायनिक खूण त्यात कायम राहते. हवेतील कार्बनमध्ये हलका कार्बन-१२ आणि अल्प प्रमाणात जड कार्बन-१३ असतो. बटाट्यासारख्या वनस्पतींत कार्बन पकडणारे रुबिस्को हे विकर (एन्झाइम) हलक्या कार्बनला झुकते माप देते, त्यामुळे त्यांच्यात कार्बन-१३ कमी असतो. मक्यात मात्र (आपल्या ज्वारी, बाजरी आणि उसातही) हे काम आधी दुसरे विकर करते. ते कार्बन पानाच्या आतील पेशींमध्ये कोंडून रुबिस्कोकडे सोपवते आणि तेथून तो फारसा निसटत नसल्याने रुबिस्कोला निवडीची संधीच उरत नाही. परिणामी मका खाणाऱ्याच्या केसांत कार्बन-१३ चे प्रमाण अधिक आढळते.

ब्रॅडफर्ड विद्यापीठाचे अँड्र्यू विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या केसांच्या विश्लेषणातून दिसले, की मृत्यूच्या सुमारे वर्षभर आधी या मुलीचा आहार एकाएकी बदलला आणि प्रतिष्ठितांचे अन्न असलेला मका व मांस तिला मिळू लागले. म्हणजे शिखरावरचा विधी हा वर्षभर चाललेल्या तयारीचा केवळ अखेरचा टप्पा होता, आणि माझ्या मते मंचाचे महत्त्व समजून घेताना हीच बाब सर्वांत मोलाची आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार याच वर्षात तिच्या केसांतील कोकाचे (जिच्या पानांत कोकेन असते त्या वनस्पतीचे) प्रमाण वाढले, तर मद्याचे प्रमाण शेवटच्या आठवड्यांत शिगेला पोहोचले. तिच्या दातांमध्ये कोकाच्या पानांचा चोथाही आढळला. ही मुले आनंदाने मृत्यूला सामोरी जात, असे वर्णन करणाऱ्यांनी ही नोंद अवश्य वाचावी.